पोपट, साळुंकी आणि दोन जागा: स्पर्धा-स्थलांतराच्या गणिती मॉडेलवरचं पहिलं प्रोजेक्ट कसं करावं

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. गणितवाल्यांना काहीतरी 'ॲप्लाइड' हवं असतं, पण पक्ष्यांची नावं ऐकली की ते बिचकतात. प्राणिशास्त्रवाल्यांकडे नोंदवह्या भरून निरीक्षणं असतात आणि समीकरण दिसलं की ते पान उलटतात. हा लेख दोघांसाठी आहे. मी एमएस्सीला याच विषयावर प्रोजेक्ट केलं, पुढे ज्युनियर्सना मदत करत राहिलो, आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून हे एकदाचं लिहून टाकतोय.

विषय असा: दोन जाती एकाच गोष्टीसाठी भांडतात, आणि दोन्ही जाती दोन जागांमध्ये ये-जा करतात. शेवटी कोण उरतं? ये-जा वाढली तर दोघांचं भलं होतं की एकाचं नुकसान? ज्याला त्याला वाटतं की जागा जोडल्या की निसर्गाचं बरंच होणार. मॉडेल तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, हे स्वतःच्या हाताने दाखवता आलं की प्रोजेक्ट झालं.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

- बारावीचं कॅल्क्युलस, आणि दोन बाय दोन मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू काढता येणं. त्याहून जास्त लागत नाही.
- लॅपटॉप, किंवा नुसता ब्राउझर. गूगल कोलॅबवर पायथन फुकट चालतं; नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब या गणिताच्या आणि आलेखाच्या लायब्ररी तिथे आधीपासून असतात. नेट धड नसेल तर ऑक्टेव्ह उतरवून घ्या, तेही फुकट आहे.
- एक शंभर पानी वही. समीकरणं आधी वहीत, मग स्क्रीनवर.
- प्रत्यक्ष मोजणी करणार असाल तर दुर्बीण, कॉलेजचं ओळखपत्र, विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आणि प्रोजेक्टचा एकपानी आराखडा. या पत्राच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. सोसायटीचे सेक्रेटरी, बागेचे रखवालदार आणि वनविभागाची चौकी, तिघांनाही स्वतःची वेगळी प्रत लागते.

१. जोडी निवडा, आणि रोहित पक्ष्यांना हात लावू नका

नवी मुंबईतला विद्यार्थी पहिलं नाव घेतो ते रोहितचं. साहजिक आहे. ठाणे खाडीचं सुमारे १,६९० हेक्टरचं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, आणि सीवूड्सच्या तळ्यावर हिवाळ्यात रस्त्यावरूनसुद्धा गुलाबी थवे दिसतात. मोठा रोहित आणि छोटा रोहित अशा दोन जाती आहेत, खाडी आणि तळं अशा दोन जागा आहेत. मॉडेल तयारच आहे असं वाटतं.

तसं नाही. छोट्या रोहितच्या चोचीतली गाळणी फार बारीक असते, तो मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो. मोठा रोहित चिखलातले छोटे कवचधारी जीव, अळ्या, किडे असं जाडंभरडं खातो. एका चिखलात उभे असले तरी त्यांची ताटं बरीचशी वेगळी आहेत. म्हणजे स्पर्धा असलीच तर कमकुवत. शिवाय त्यांची खाडी ते तळं ही ये-जा भरती-ओहोटीवर चालते. भरतीत चिखल बुडाला की तळ्यावर, ओहोटी लागली की परत खाडीत. पिल्लं होणं आणि मरणं हा वर्षांचा हिशोब आहे, ही ये-जा तासांचा. आपल्या मॉडेलमध्ये दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. तिसरी अडचण म्हणजे ते इथे अंडी घालतच नाहीत. भारतात त्यांच्या विणीची मोठी जागा कच्छच्या रणात आहे. स्थानिक जन्मदर शून्य असताना वाढीचं समीकरण कशावर लिहिणार? रोहितवर सुंदर प्रोजेक्ट होतील, पण हे नाही.

पहिल्या प्रोजेक्टला मी पोपट आणि साळुंकी सुचवतो. दोघांनाही घरट्यासाठी ढोली लागते आणि दोघांनाही ती स्वतः धड कोरता येत नाही. सुतार किंवा तांबट पक्ष्याची जुनी ढोली, कुजलेल्या फांदीचं भोक, इमारतीतली पोकळी, जे मिळेल ते. ढोल्या मोजक्या असतात, मोजता येतात, आणि भांडण डोळ्यांनी दिसतं. पोपट वर्षाच्या सुरुवातीलाच ढोली धरतात, साळुंक्यांचा हंगाम उन्हाळ्याकडे सरकतो. त्यामुळे आधी आलेल्याचा फायदा कसा होतो हेही बघता येतं. जागा दोन: येऊरच्या पायथ्याकडची झाडी, आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची आवारं.

२. परवानगीचं आधी बघा

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. उद्यानात किंवा अभयारण्यात संशोधन करायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. सकाळी फिरायला गेलो आणि वहीत आकडे लिहिले, याला अहवालात 'फील्डवर्क' म्हणता येत नाही. परीक्षकाने परवानगीचा कागद मागितला तर काय दाखवणार? एका सेमिस्टरमध्ये ही परवानगी हातात पडेल या भरवशावर राहू नका. हद्दीबाहेरची झाडी, पालिकेच्या बागा, तलावांचे काठ, सोसायट्या यांवर काम भागवा. निव्वळ गणिताचं प्रोजेक्ट असेल तर हा मुद्दा सोडून पुढे चला.

३. एका जागेचं समीकरण वहीत लिहा

सुरुवात एका जातीपासून. व्हेरहुल्स्टने १८३८ मध्ये मांडलेलं लॉजिस्टिक समीकरण: वाढीचा वेग = र × न × (१ − न ÷ क). न म्हणजे संख्या, र म्हणजे गर्दी नसतानाचा वाढदर, क म्हणजे धारणक्षमता, ती जागा जास्तीत जास्त किती पक्षी पोसू शकते तो आकडा.

दुसरी जात आली की कंसात एक पद वाढतं. लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांच्या नावाने ओळखलं जाणारं स्पर्धेचं मॉडेल ते हेच. संख्येला धारणक्षमतेने भागून टाका, दोन्ही जातींचा वाढदर सारखा धरा आणि काळ त्या वाढदराच्या मापाने मोजा, म्हणजे र आणि क दोन्ही निघून जातात आणि समीकरण हलकं होतं:

पोपटांचा वेग = प × (१ − प − अ × स)
साळुंक्यांचा वेग = स × (१ − स − ब × प)

'अ' म्हणजे साळुंक्यांमुळे पोपटांना होणारा जाच, 'ब' म्हणजे उलट बाजूचा. अ = २ म्हणजे एक साळुंकी पोपटांना दोन जादा पोपटांइतकी नडते.

दोन्ही आकडे १ पेक्षा कमी असतील तर दोघं एकत्र राहतात. एक कमी आणि एक जास्त असेल तर ज्याला जाच कमी तो जिंकतो. दोन्ही १ पेक्षा जास्त असतील तर सुरुवातीला जो पुढे तो जिंकतो. गॉझने मॉस्कोत पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर केलेले प्रयोग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत हे प्रत्यक्ष दिसलं: एकाच अन्नावर वाढवल्यावर ऑरेलिया जातीने कॉडेटमला संपवलं, पण तळाशी चरणाऱ्या बर्सारियाबरोबर कॉडेटम टिकून राहिलं.

प्रत्येक प्रकारात प-स प्रतलावर दोन सरळ रेषा काढा, जिथे वेग शून्य होतो त्या. बाण काढा. हे हाताने केल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. व्हायवाला पहिला प्रश्न इथेच येतो आणि 'सॉफ्टवेअरने दाखवलं' हे उत्तर चालत नाही.

४. दुसरी जागा जोडा

आता प१, स१ ही पहिल्या जागेतली घनता आणि प२, स२ दुसऱ्या जागेतली. ये-जा दर 'म'. दोन्ही जागा सारख्या आणि जाच दोन्ही बाजूंनी सारखा (ब = अ) धरला तर:

प१ चा वेग = प१ × (१ − प१ − अ × स१) + म × (प२ − प१)
स१ चा वेग = स१ × (१ − स१ − अ × प१) + म × (स२ − स१)

दुसऱ्या जागेची दोन समीकरणं १ आणि २ ची अदलाबदल करून मिळतात. एकूण चार.

इथला सापळा क्षेत्रफळाचा. वरचं 'म × (प२ − प१)' हे पद जागा एकाच आकाराच्या असतील तरच बरोबर आहे. येऊरची झाडी मोठी, सोसायटीचं आवार चिमुकलं. तुम्ही घनतेऐवजी सरळ पक्ष्यांची संख्या घालून हेच पद वापरलंत तर मॉडेल दोन्हीकडची संख्या सारखी होईपर्यंत जंगलातले पक्षी सोसायटीत ओतत राहील. घनता वापरून क्षेत्रफळ विसरलात तर हवेतून पक्षी तयार होतील. आकार वेगळे असतील तर संख्येत लिहा आणि जाण्याचे दर दोन वेगळे ठेवा: पहिल्या जागेतून जाणारे 'म१ × न१', दुसऱ्या जागेतून येणारे 'म२ × न२'. मग एकीकडून वजा झालेलं दुसरीकडे तितकंच जमा होतं.

५. कोड लिहिण्याआधी एक उत्तर हाताने काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन्ही जाच १ पेक्षा जास्त असलेला प्रकार घ्या. एका जागेत इथे एकाला जावंच लागतं. पण दोन जागा असतील आणि पहिलीत पोपट, दुसरीत साळुंक्या भारी असतील, तर पूर्ण परिसरात दोघं टिकू शकतात. सायमन लेव्हिन यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं, आणि ये-जा एका मर्यादेपलीकडे गेली की ही वाटणी मोडते हेही. (नावांचा घोळ सांभाळा. १९६९ चं मेटापॉप्युलेशन मॉडेल, म्हणजे अनेक तुटक जागांत विखुरलेल्या एका जातीचं, रिचर्ड लेव्हिन्स यांचं. दोन माणसं वेगळी, दोन मॉडेलं वेगळी, आणि अहवालांत ती सर्रास एक होतात.)

समतोलावर, म्हणजे चारही वेग शून्य असताना, प१ = स२ = उ आणि प२ = स१ = व असं धरा. चारची दोनच समीकरणं उरतात:

उ(१ − उ − अव) + म(व − उ) = ०
व(१ − व − अउ) + म(उ − व) = ०

दोन्हींची वजाबाकी करा, (उ − व) ने भागा: उ + व = १ − २म.
दोन्हींची बेरीज करा, वरचं उत्तर त्यात घाला: उ × व = म(१ − २म) ÷ (अ − १).

बेरीज आणि गुणाकार माहीत, म्हणजे दहावीचं वर्गसमीकरण. अ = २, म = ०.०५ घालून बघा: बेरीज ०.९, गुणाकार ०.०४५, म्हणून उ सुमारे ०.८४७ आणि व सुमारे ०.०५३. हे दोन आकडे वहीत चौकट करून ठेवा, कोड तपासायला लागतील.

आता प्रश्न दोन आहेत, आणि विद्यार्थी त्यांतला एकच सोडवतात. पहिला, असा समतोल अस्तित्वात कधी असतो? वर्गसमीकरणाची मुळं खरी आणि वेगळी हवीत, त्यातून येतं म < (अ − १) ÷ (२अ + २). अ = २ साठी हे ०.१६७ च्या आसपास. दुसरा, तो स्थिर कधी असतो? त्यासाठी चार बाय चारचं जेकोबियन मॅट्रिक्स (समतोलाला दिलेला लहान धक्का वाढतो की विरतो हे सांगणारं) लागतं, पण सममितीमुळे ते दोन बाय दोनच्या दोन तुकड्यांत फुटतं. एका तुकड्यात दोन्ही जातींचा तोल राखणारे धक्के, दुसऱ्यात एकीला दोन्हीकडे वर आणि दुसरीला दोन्हीकडे खाली नेणारे धक्के. दुसऱ्या तुकड्याचं डिटरमिनंट धन असण्याची अट सोपी होत होत इथे येते:

म < (अ − १) ÷ (४अ + २)

अ = २ साठी नेमकं ०.१. म्हणजे ०.१ आणि ०.१६७ यांच्या मधल्या पट्ट्यात समतोल कागदावर आहे, पण कोणी शिंकलं तरी मोडतो. या पट्ट्याचं पुढे काम आहे.

हे ०.१ म्हणजे खरोखरीच्या जगात किती? आपण काळ वाढदराच्या मापाने मोजला होता हे विसरू नका. समजा खरा वाढदर वर्षाला ०.५ आहे, तर मर्यादा ०.१ × ०.५ = ०.०५, म्हणजे वर्षाला शंभरातले साधारण पाच पक्षी जागा बदलत असतील तर सीमारेषा आली. मॉडेलमधला ०.१ सरळ 'दहा टक्के' म्हणून लिहू नका. असे अहवाल मी पाहिलेत.

६. कोड, आणि त्याच्या चार परीक्षा

सायपायमधलं सॉल्व्ह_आयव्हीपी हे फंक्शन वापरा. चार संख्यांची यादी आत, चार वेग बाहेर. स्वतः ऑयलर पद्धतीने, म्हणजे ठरावीक पावलांनी वेग जोडत जाऊन, लिहायचा मोह आवरा. पाऊल मोठं पडलं की संख्या ऋण होते आणि आलेख वेडावाकडा उड्या मारतो. या फंक्शनची अचूकतेची मूळ सेटिंगही सैल आहे, सापेक्ष चूक एक हजारांश. ती दशकोटींशापर्यंत, म्हणजे १ भागिले दहा कोटीपर्यंत, घट्ट करा आणि निरपेक्ष चुकीची मर्यादाही तितकीच खाली न्या.

मग निकालाकडे बघण्याआधी:

पहिली परीक्षा: म = ०. दोन्ही जागांचे आलेख पायरी ३ मधल्या एका जागेच्या आलेखांशी तंतोतंत जुळायला हवेत.

दुसरी: अ = ०, म = ०. प्रत्येक जात लॉजिस्टिक वक्राने १ वर जायला हवी.

तिसरी: वाढीची सगळी पदं बंद, फक्त ये-जा चालू. एकूण पोपट शेवटपर्यंत तेवढेच राहायला हवेत. क्षेत्रफळाचा घोळ असेल तर इथे पकडला जातो.

चौथी: अ = २, म = ०.०५, सुरुवात ०.९, ०.१, ०.१, ०.९. चौकटीतले ०.८४७ आणि ०.०५३ आले पाहिजेत.

चारही जमल्या तर कोडवर विश्वास ठेवा. एकही हुकली तर गाईडकडे जाऊ नका, आधी चिन्हं तपासा. बहुतेक वेळा अधिक-उणे उलटं पडलेलं असतं किंवा यादीतला क्रम बदललेला असतो.

७. सममितीचा सापळा

आता म = ०.१२ घ्या. तो त्या मधल्या पट्ट्यात आहे. सुरुवात तीच, ०.९, ०.१, ०.१, ०.९. आलेख छान स्थिरावेल, पहिल्या जागेत पोपट सुमारे ०.६१, साळुंक्या ०.१५. 'सहजीवन' असं लिहून विद्यार्थी पुढे जातो.

आता शेवटचं ०.९ खोडून ०.८९९ करा. साळुंक्यांना एक हजारांश कमी, बस. काळ २५ पर्यंत चालवलंत तर आलेख आधीसारखाच दिसेल. ३०० पर्यंत चालवा. दोन्ही जागांतून साळुंक्या गायब आणि पोपट १ वर.

दोन गोष्टी एकाच वेळी फसवत होत्या. सुरुवात अगदी सममित असल्यामुळे धक्का बसतच नव्हता. आणि धक्का बसला तरी तो वाढण्याचा दर इथे सुमारे ०.११ आहे, म्हणजे दुप्पट व्हायला सहाहून जास्त काळ-एकक लागतात. लहान धक्का डोळ्यांना दिसेपर्यंत बराच काळ जातो. म्हणून नियम: सुरुवातीचे आकडे कधीही गोल आणि जुळे घेऊ नका, आणि एकदा उत्तर आलं की काळ दहापट करून तेच परत येतं का बघा.

मुख्य आलेख इथूनच निघतो. आडव्या अक्षावर म, ०.०१ पासून ०.२ पर्यंत, उभ्या अक्षावर शेवटी उरलेल्या साळुंक्या. ०.१ च्या अलीकडे दोन्ही जाती, पलीकडे एकच. संक्रमण कड्यासारखं आहे, उतारासारखं नाही, आणि ते तुम्ही वहीत काढलेल्या आकड्यावर येतं. सीमेच्या अगदी जवळ, ०.१०१ वगैरेला, निकाल लागायला फारच वेळ लागतो, तिथे काळ अजून वाढवा. आणखी एक: समीकरणात संख्या शून्याजवळ जाते, शून्य होत नाही. कितीच्या खाली 'नामशेष' म्हणायचं ते आधी ठरवून अहवालात लिहा, आलेख बघून नव्हे.

८. खरे आकडे आणायचे असतील तर

एका सेमिस्टरमध्ये वाढदर, जाच आणि ये-जा हे तिन्ही प्रत्यक्ष मोजता येत नाहीत. हे मान्य करून टाका, मग काम हलकं होतं. शक्य आहे ते एवढं: ठरावीक झाडं आणि इमारतींवरच्या ढोल्या मोजणं, कोणत्या महिन्यात कोणती ढोली कोणाकडे आहे हे नोंदवणं, आणि हिसकावणी किती वेळा दिसली ते लिहिणं. यातून 'अ' आणि 'ब' मध्ये मोठं कोण, एवढं तरी कळतं.

संध्याकाळी मोजू नका. पोपट आणि साळुंक्या दोघेही रात्रीच्या मुक्कामाला एखाद्या झाडावर शेकड्यांनी जमतात, लांबून येतात. त्या झाडाखाली उभं राहून काढलेला आकडा त्या सोसायटीचा नसतोच. सकाळची एकच वेळ, एकच जागा, एकच कालावधी ठेवा.

'जिथे पोपट जास्त तिथे साळुंक्या कमी, म्हणून स्पर्धा' हा तर्कही टाळा. एकाला मोठी झाडं लागत असतील आणि दुसरीला हिरवळ, तरी असाच आलेख येईल.

आणखी एक सापळा गणितातूनच समजतो. समजा सोसायटीच्या आवारात पोपटांची संख्या स्वतःहून वर्षाला ०.२ या दराने घटते आहे, पण झाडीतून दरवर्षी १० पोपट येतात. समतोल कुठे? १० भागिले ०.२, म्हणजे ५०. तुम्ही वर्षानुवर्षं पन्नास पोपट मोजाल आणि जागा उत्तम आहे असं लिहाल. झाडी तुटली की पन्नासचे शून्य होतील. पक्षी दिसणं म्हणजे जागा त्यांना पोसते आहे असं नव्हे. ढोलीतून पिल्लं बाहेर पडतात का, ते बघा.

९. जागा दोनच्या वर असतील तर

ठाण्यातले तलाव घ्यायचे असतील, मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी आणि बाकीचे, तर प्रत्येकाची चार समीकरणं लिहीत बसू नका. तिथे लेव्हिन्स यांचं मॉडेल बरं. त्यात संख्या मोजत नाहीत, एकूण तलावांपैकी किती हिस्सा तलावांत ती प्राणिजात आढळते एवढंच धरतात. वसाहत होण्याचा दर व, नामशेष होण्याचा दर न असेल तर समतोलावर भरलेला हिस्सा १ − न ÷ व. व = ०.५, न = ०.२ घेतलं तर ०.६. आता ह इतका हिस्सा बुजवला किंवा निकामी केला तर उरतं १ − ह − न ÷ व. म्हणजे साठ टक्के तलाव गेले की जात संपते, चाळीस टक्के तलाव शिल्लक असतानासुद्धा. चतुरांसारख्या, तळ्या-तळ्यांत उडत जाणाऱ्या कीटकांवर हे छान बसतं.

यात स्पर्धा घालायची तर टिलमन यांची १९९४ ची मांडणी बघा. भांडणात भारी जात हवी ती जागा घेते, हलकी जात लवकर पसरते म्हणून टिकते. नामशेष होण्याचा दर दोघांना ०.२ आणि भारी जातीचा वसाहत दर ०.४ असेल तर ती अर्ध्या जागा धरते, आणि हलक्या जातीला टिकायला ०.८ हून जास्त दर लागतो. जागा नष्ट होऊ लागल्या की यात आधी भारी जात जाते. हा निकाल परीक्षकांना आवडतो, पण तो या मॉडेलच्या गृहीतकांवर उभा आहे हे सांगायला विसरू नका.

१०. अहवाल आणि व्हायवा

अहवालात समीकरणं, प्रत्येक चिन्हाचा अर्थ आणि एकक, पायरी ५ मधली हातची मांडणी, चार परीक्षांचे निकाल, मुख्य आलेख, आणि गृहीतकं कुठे मोडतात याची अर्धी पान चर्चा. कोड परिशिष्टात. ग्रंथालयाच्या प्लॅगरिझम तपासणीला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. समीकरणांच्या ओळी सगळीकडे सारख्याच असल्यामुळे तिथे टक्केवारी उगाच वाढते, तेव्हा वर्णन स्वतःच्या शब्दांत असू द्या. बाइंडिंगला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे त्या काळात रांग असते. आलेख रंगीत काढले असतील तर काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये दोन रेषा ओळखू येतात का, ते घरी बघून जा.

व्हायवाला हमखास येणारे तीन प्रश्न: दोन्ही जाच १ पेक्षा कमी असते तर स्थलांतराने काय बदललं असतं? (सारख्या जागांत शेवटच्या निकालात काही नाही, दोघं आधीच टिकतात.) पोपट जास्त उडाले आणि साळुंक्या कमी, तर? (दोन्हींसाठी वेगळा म घालून चालवा, सममिती मोडते, हातचं सूत्र चालत नाही, कोड चालतो.) आणि तिसरा, जो प्राणिशास्त्राचे बाहेरून आलेले परीक्षक विचारतात: मग येऊर आणि घोडबंदर जोडावं की तोडावं? इथे हो-नाही म्हणू नका. म चा खरा आकडा सीमेच्या कोणत्या बाजूला आहे हे मोजल्याशिवाय मॉडेल उत्तर देत नाही, आणि बिबट्याला लागणारा रस्ता पोपटाच्या मॉडेलवरून ठरत नाही. एवढं सांगून पायरी ७ चा आलेख पुढे करा.